एसटीपी बदलण्याआधी गाळाचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली २२० फ्लॅटची सोसायटी, राहणारी माणसं साधारण ८५०. तळघरातला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बिल्डरने १२ वर्षांपूर्वी बांधून दिला; तो १५० केएलडीचा (रोज १५० घनमीटर पाणी पेलणारा) आणि एमबीबीआर पद्धतीचा, म्हणजे जिवाणूंना चिकटायला टाकीत प्लॅस्टिकचे तुकडे (मीडिया) सोडलेला. आता फ्लशला पिवळट, वास मारणारं पाणी येतं, खालच्या पार्किंगमध्ये उभं राहवत नाही, काही रहिवाशांनी फ्लशच्या टाक्या परस्पर पिण्याच्या लाइनला जोडून घेतल्या आहेत आणि उन्हाळ्यात टँकरचं बिल वाढतच चाललं आहे. कमिटीसमोर तीन कोटेशनं आहेत: एक संपूर्ण नवा एमबीआर (बारीक पडद्यांतून पाणी गाळणारा), दुसरं एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणारा आणि गाळ बसवणारा), तिसरं ‘आहे त्यातच नवा मीडिया, नवे फिल्टर आणि रंगकाम’. यातलं कोणतं घ्यावं?

सध्या एकावरही सही करू नका. मी २४ वर्षं छोटे एसटीपी उभारतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. तुम्ही दिलेल्या माहितीत तीन गोष्टी अशा आहेत ज्या मला या कोटेशनांपेक्षा फार महत्त्वाच्या वाटतात. लॉगबुकात मागच्या तीन महिन्यांत गाळ काढल्याची एकही नोंद नाही. पहिल्या मजल्यावर आवाज जातो म्हणून टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर रात्री ११ ते सकाळी ६ बंद असतात. आणि सांडपाणी उपसणारा पंप ताशी १५ घनमीटरचा आहे. या तीन गोष्टी तशाच राहिल्या तर जगातलं सर्वांत महागडं यंत्र आणून बसवलं तरी वर्षभरात तुम्ही पुन्हा इथेच येऊन पोहोचाल.

गाळापासून सुरुवात करू, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा-मलनिस्सारण यंत्रणेच्या २०१३ च्या मॅन्युअलमध्ये माणशी रोजचा बीओडी (जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून मोजलेला मैला) २७ ग्रॅम धरलेला आहे. ८५० माणसांचा झाला सुमारे २३ किलो. जिवाणू हा मैला खातात, त्यातला काही भाग जाळतात आणि उरलेल्यातून स्वतःचं शरीर वाढवतात. ती वाढलेली शरीरं म्हणजेच गाळ. ढोबळमानाने एक किलो बीओडीमागे अर्धा किलो कोरडा गाळ धरा. म्हणजे रोज साडेअकरा किलो, ९० दिवसांत एक टनाच्या वर. हा कोरडा हिशेब झाला. टाकीच्या तळाशी तो एक टक्क्याच्या आसपास घट्ट असतो, म्हणजे रोज हजार-बाराशे लिटर पातळ गाळ काढायला हवा.

तुमच्याकडे तो काढलाच गेलेला नाही. मग तो एक टन गेला कुठे? टाकीत तो राहू शकत नाही, तेवढी जागाच नसते. तो सेटलरवरून (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवरून) वाहून पुढे गेला, वाळूच्या फिल्टरमध्ये बसला, कार्बनच्या फिल्टरमध्ये कुजला, फ्लशच्या टाकीच्या तळाशी साठला आणि थोडाथोडा तुमच्या कमोडमध्ये उतरला. उरलेला इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे येणारं सांडपाणी आधी साठवणाऱ्या टाकीत, परत ढकलला गेला आणि तिथे सडतो आहे. पार्किंगमधला वास बहुधा तिथूनच येतो. कोणत्याही एसटीपीवर गेलो की मी आधी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रिपोर्ट मागत नाही, गाळाच्या पिशव्या दाखवा म्हणतो. पिशव्या नसतील तर रिपोर्टमध्ये काहीही छापलेलं असो, प्लांट चालत नसतो.

आता पाण्याच्या ओघाकडे या. सोसायटीचं सांडपाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी साडेसहा ते दहा या वेळात लोंढा येतो, दुपारी ओसरतो, संध्याकाळी पुन्हा थोडा चढतो, रात्री दोनला जवळजवळ थांबतो. वस्ती जितकी लहान, तितका हा चढउतार तीव्र. मॅन्युअलही २०,००० पर्यंतच्या वस्तीसाठी सरासरीच्या तिप्पट कमाल प्रवाह धरायला सांगतं. हा लोंढा झेलून पुढच्या टाक्यांना चोवीस तास सारखं पाणी देणं, एवढ्यासाठीच इक्वलायझेशन टाकी असते. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे रोज ९५ घनमीटरच्या आसपास सांडपाणी येत असावं, म्हणजे सरासरी ताशी ४ घनमीटर. तुमचा पंप १५ चा आहे. तो २० मिनिटं चालतो, ५ घनमीटर पाणी एकदम पुढे फेकतो आणि मग थांबतो. तुमच्या सेटलरचं क्षेत्रफळ ६ चौरस मीटर आहे. ताशी ४ ते साडेचार घनमीटर आलं तर पाणी तासाला पाऊण मीटर या संथ गतीने वर चढतं आणि गाळ खाली बसतो. १५ आलं तर ती गती अडीच मीटर होते आणि बसू पाहणारा गाळ उचलून वाहून जातो. पाइपला तीन तोंडांचा एक टी जोडून जास्तीचं पाणी पुन्हा इक्वलायझेशनमध्ये सोडणारी लाइन टाकली आणि व्हॉल्व्हने पुढचा प्रवाह साडेचारवर बांधला, तर हे काम काही हजारांत होतं. छोटा पंप घेतला तर आणखी चांगलं, विजेचीही बचत होते. पण कोटेशन देणारा हे सांगत नाही, कारण व्हॉल्व्ह विकून त्याला काही मिळत नाही.

इक्वलायझेशन टाकी ३८ घनमीटरची आहे असं तुम्ही म्हणता. कागदावर ती पुरेशी आहे, सरासरी प्रवाहाची नऊ-साडेनऊ तासांची साठवण झाली. पण आत गाळ आणि वाळू किती बसली आहे आणि पंपाचा फ्लोट कोणत्या पातळीला बांधला आहे, हे पाहिल्याशिवाय खरी साठवण कळणार नाही. ३८ च्या टाकीत प्रत्यक्ष १२-१५ घनमीटरच वापरात आहेत, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. या टाकीच्या तळाला हवा सोडणाऱ्या पाइपांची जाळी नसेल तर ती बसवायलाच हवी. सांडपाणी हवेविना उभं राहिलं की काही तासांतच सडायला लागतं.

इथे ब्लोअरचा विषय आला. रात्री सात तास ब्लोअर बंद ठेवणं म्हणजे त्या टाकीतल्या जिवाणूंचा रोज सात तास श्वास कोंडणं. बीओडी खाणारे जिवाणू तरी काटक असतात, सकाळी पुन्हा कामाला लागतात. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, त्यांना भरपूर प्राणवायू लागतो आणि ते अशा वागणुकीत मागे पडतात. तुमच्या फ्लशच्या पाण्याला येणारा मुतारीसारखा वास हे ते नीट काम करत नसल्याचं लक्षण आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये बीओडी, सीओडी (रसायनाने मोजलेला मैला), टीएसएस (तरंगणारे कण) आणि पीएच आहेत, अमोनिया कुठेच नाही. तो तपासून घ्या. बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो लिटरला २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

अमोनियाला मी इतकं महत्त्व का देतो ते नीट सांगतो, कारण पाणी पुन्हा वापरायचं असेल तर सगळं इथेच अडतं. फ्लशच्या पाण्यात जंतू राहू नयेत म्हणून आपण हायपो (क्लोरीनचं द्रावण) टाकतो. पण पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याला जाऊन चिकटतो. अमोनियाच्या एका भागाला क्लोरीनचे सुमारे आठ भाग खर्ची पडल्याशिवाय मुक्त क्लोरीन शिल्लकच राहत नाही. २० मिलिग्रॅम अमोनिया असेल तर १६० मिलिग्रॅम क्लोरीन हवा. १०० घनमीटर पाण्याला १६ किलो, म्हणजे १० टक्के ताकदीचं हायपो रोज १६० किलो! तुमच्याकडे महिन्याला किती कॅन येतात ते पहा. तेवढं हायपो कोणीच टाकत नाही. जे टाकलं जातं त्यातून क्लोरामाइन तयार होतात, त्यांना स्वतःचा झोंबरा वास असतो आणि जंतू मारायची ताकद बरीच कमी. हेच पाणी नीट नायट्रिफाय झालेलं (अमोनियाचं नायट्रेट झालेलं) आणि गाळलेलं असेल तर लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो, म्हणजे दिवसाला ५ किलो हायपो. १६० आणि ५. हायपो वाढवून वास जात नाही, तो हवेच्या टाकीत घालवावा लागतो.

आणि हायपो कुठे टाकता तेही तपासा. फोटोत डोसिंग पंपाची नळी कार्बन फिल्टरच्या आधी जोडलेली दिसते. कार्बनचं कामच क्लोरीन शोषून घेणं. म्हणजे टाकलेलं हायपो कार्बन खाऊन टाकतो आणि पुढच्या टाकीत क्लोरीन शून्य. ती नळी फिल्टरच्या पुढे, शुद्ध पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी न्या. हे काम उद्याच करता येईल.

मीडियाबद्दल. तुमच्या टाक्या २० घनमीटरच्या दोन आहेत आणि ऑपरेटर म्हणतो की मीडिया निम्माच उरला आहे, बाकीचा फाटक्या जाळीतून निघून गेला. मूळ भरणा ३० टक्के धरला आणि घनमीटरला ५०० चौरस मीटर पृष्ठभाग धरला, तर ६,००० चौरस मीटरवर जिवाणूंचा थर होता. २३ किलो बीओडी त्यावर पसरला की चौरस मीटरला रोज चार ग्रॅमच्या जवळ येतो. निम्मा मीडिया म्हणजे आठ ग्रॅम. इतक्या भाराखाली बीओडी खाणारे जिवाणू सगळी जागा आणि सगळा प्राणवायू बळकावतात, अमोनियावाल्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून तिसऱ्या कोटेशनमध्ये लिहिल्याप्रमाणे मीडिया पुन्हा भरला तर फरक पडेल, पण तेवढ्यावर भागणार नाही.

मी काय करेन ते सांगतो. टाक्या तुमच्याकडे आहेत, सिव्हिल काम आहे आणि काँक्रीट चांगलं असेल तर तीच तुमची सर्वांत मोठी ठेव आहे. त्या ४० घनमीटरमध्ये ९५ घनमीटर पाणी दहा तास राहतं. हा वेळ कमी नाही. मीडिया ठेवूनच सेटलरच्या तळाचा गाळ पुन्हा हवेच्या टाकीत आणायचा, म्हणजे मीडियावरचे आणि पाण्यात तरंगणारे असे दोन्ही जिवाणू कामाला लागतात. तरंगणारा गाळ लिटरला ३ ग्रॅमपर्यंत नेला की जिवाणूंची फौज कितीतरी पटींनी वाढते. याला आयएफएएस म्हणतात. तरंगत्या गाळाची पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मांडली. बसलेला गाळ टाकून न देता पुन्हा वापरायचा, ही तिची कल्पना, आणि शंभर वर्षांनंतरही हीच पद्धत सगळ्यांत जास्त कामाला येते.

पहिल्या टाकीचा अर्धा भाग भिंत घालून वेगळा करा आणि तिथे हवा न देता फक्त ढवळणी ठेवा. दुसऱ्या टाकीतलं नायट्रेट झालेलं पाणी प्रवाहाच्या दोन-तीन पट तिथे परत फिरवलं की जिवाणू त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून मैला खातात आणि नत्र वायुरूपात उडून जातो. याचे दोन फायदे. विजेची बचत होते आणि पाण्याची क्षारता (आम्ल सोसून पीएच सांभाळण्याची ताकद) काही प्रमाणात परत मिळते. दुसरा फायदा पुण्यात विशेष महत्त्वाचा. एक मिलिग्रॅम अमोनियाचं नायट्रेट होताना सात मिलिग्रॅमहून जास्त क्षारता खर्च होते. धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात मुळात क्षारता बेताची. ती संपली की पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि नायट्रिफिकेशन तिथेच थांबतं. हवा भरपूर, गाळ भरपूर, तरी अमोनिया हटत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा मी पहिल्यांदा पीएच मीटर काढतो. टँकरचं किंवा बोअरचं कठीण पाणी जास्त वापरणाऱ्या सोसायटीत हा त्रास कमी दिसतो.

डिफ्यूझर, म्हणजे टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणारी रबरी तोंडं, १२ वर्षांत एकदाही बदलले नसतील तर सगळे बदला. त्यांचं रबर कडक होतं, भोकं बुजतात, ब्लोअरवर दाब चढतो आणि बारीक बुडबुड्यांऐवजी एका कोपऱ्यात मोठे भपकारे उठतात. तुमच्या व्हिडिओत तसंच दिसतं आहे. टाकी न उपसता वर काढता येतील अशा चौकटींवरचे डिफ्यूझर घ्या. थोडे महाग पडतात, पण पुढच्या वेळी कोणालाही टाकीत उतरावं लागत नाही. आवाजाचं म्हणाल तर ब्लोअरला सायलेन्सर, खाली रबरी पॅड आणि भोवती आवाज शोषणारी पेटी हे सगळं मिळतं. पेटीला हवा खेळती ठेवणारा पंखा मात्र हवा, नाहीतर मोटर तापते. पहिल्या मजल्यावरच्या लोकांची तक्रार रास्त आहे आणि ती सोडवायलाच हवी. ब्लोअर बंद ठेवून ती सुटत नाही, फक्त त्रास सगळ्यांच्या घरी पोहोचतो.

एमबीआर वाईट नाही. जागा अगदीच कमी आणि सगळंच्या सगळं पाणी पुन्हा वापरायचं असेल तिथे मी स्वतः तो सुचवतो. त्याचं पाणी देखणं असतं. पण पडदे केस, धागे आणि तेल सहन करत नाहीत. समोर एक-दोन मिलिमीटरची बारीक जाळी हवी, ती रोज साफ व्हायला हवी, ठरावीक दिवसांनी रसायनाने धुणं हवं आणि काही वर्षांनी पडदेच बदलायला हवेत. ज्या प्लांटवर तीन महिने गाळ काढला गेला नाही तिथे पडदे टिकणार नाहीत, हे मी कटुतेने नव्हे, काळजीने सांगतो आहे. एसबीआरला मोठ्या टाक्या आणि भरवशाचं ऑटोमेशन लागतं. तुमच्या तळघरात त्या टाक्या बसवायच्या तर तोडफोड अटळ.

शिवाय तुम्हाला १५० घनमीटर स्वच्छ पाणी हवं आहे का, हा प्रश्न कोणी विचारलेलाच दिसत नाही. माणशी १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशचे धरले जातात. ८५० माणसांचे ३८ घनमीटर. बाग २,००० चौरस मीटर आहे, कडक उन्हाळ्यात चौरस मीटरला पाच लिटर धरले तर १० घनमीटर. पार्किंग धुणं आणि थोडंफार इतर धरून पन्नास-पंचावन्न. पावसाळ्यात बागेचा आकडा शून्य. म्हणजे येणाऱ्या ९५ पैकी जेमतेम ५५ घनमीटर तुम्ही वापरू शकता, उरलेलं ड्रेनेजलाच जाणार. तेव्हा जिवाणूंची प्रक्रिया सगळ्या पाण्यावर करा, पण वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणं) फक्त ६० घनमीटरचं घ्या. बचत इथे होते. शेजारच्या बांधकामाला किंवा रस्त्यावरच्या झाडांना उरलेलं पाणी देता आलं तर उत्तमच, त्यासाठी सेटलरनंतर वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन पुरेसं आहे. जी सोसायटी मोकळ्यावर आहे, बंगले आणि रो-हाऊस आहेत, तिथे मी नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या फायटोरिडसारखी पाणवनस्पतींची पद्धत सुचवली असती, वीज जवळजवळ लागत नाही. पण त्याला बरीच मोकळी जमीन हवी. तुमच्याकडे तेवढी मोकळी जागा नाही.

फ्लशच्या पाण्यासाठी मॅन्युअलमध्ये कसोटी कडक आहे: गढूळपणा २ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) खाली, लिटरला बीओडी १० मिलिग्रॅमपर्यंत, क्लोरीन किमान १ मिलिग्रॅम शिल्लक आणि मैल्यातले जंतू शून्य. हे अल्ट्राफिल्ट्रेशनने साधतं. थोडा फिकट पिवळेपणा तरीही राहील, त्याने घाबरून जाऊ नका. वास नसेल आणि क्लोरीन शिल्लक असेल तर तो निरुपद्रवी आहे.

एक गोष्ट हळूहळू वाढते आणि लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे क्षार. माणसाच्या वापरातून पाण्यात मीठ मिसळतं आणि एसटीपी ते काढत नाही. एक तृतीयांश पाणी फ्लशमधून पुन्हा पुन्हा फिरू लागलं की सांडपाण्यातली ही मिठाची भर दीडपट होते. धरणाच्या पाण्यावर हे चालून जातं. बोअरच्या कठीण पाण्यावर, आणि त्यात सोसायटीचा सॉफ्टनर (कठीण पाणी मऊ करणारं यंत्र) असेल तर, बाग पिवळी पडायला लागते. सॉफ्टनर धुतल्यावर निघणारं मिठाचं पाणी तुमच्या एसटीपीत येत असेल तर ती लाइन आधी वेगळी करा.

आता ज्या गोष्टीची मला खरोखर भीती वाटते ती. रहिवाशांनी फ्लशच्या टाक्या परस्पर पिण्याच्या लाइनला जोडल्या आहेत असं तुम्ही सहज लिहिलं आहे. ही सहज घेण्याची गोष्ट नाही. दोन लाइन एकदा एका घरात जोडल्या गेल्या की दाबाच्या फरकाने पाणी उलटही जाऊ शकतं. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बेसिनला पिवळसर पाणी येऊ लागलं म्हणून मला बोलावलं. बाथरूमचं नूतनीकरण करताना प्लंबरने भिंतीतला जवळचा पाइप बघून बेसिन जोडलं होतं, तो पाइप फ्लशचा होता. घरात एक वर्षाचं मूल होतं. त्या दिवसापासून मी नव्या प्लांटचं पाणी वर चढवण्याआधी प्रत्येक घर तपासतो. पद्धत सोपी आहे: पिण्याच्या पाण्याची वरची टाकी एका विंगपुरती बंद करायची, लाइन रिकामी होऊ द्यायची आणि घरोघरी जाऊन बेसिन, शॉवर, स्वयंपाकघर असे सगळे नळ उघडायचे. पाणी आलं तर जोडणी चुकली आहे. मग उलट करायचं, फ्लशची लाइन बंद. आणि कमोडशेजारचा जेट स्प्रे ताज्या पाण्यावरच हवा. अनेक बिल्डरांनी तो फ्लशच्या लाइनवर दिलेला असतो. त्याचं पाणी अंगाला लागतं, त्याला दुसरा पर्याय नाही. फ्लशचे उघडे दिसणारे पाइप वेगळ्या रंगाने रंगवा, त्यावर मराठीत ‘पिण्यासाठी नाही’ लिहा आणि नूतनीकरणाची परवानगी देताना प्लंबरला नकाशा दाखवल्याची सही घ्या.

टाकी साफ करायचं काम या सगळ्यात निघणारच आहे. कोणत्याही परिस्थितीत माणूस आत उतरवू नका. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला असं वाटतं आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने धोकादायक सफाईसाठी माणूस असा उतरवायला मनाई आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. सक्शन टँकर बोलवा, वरून पाण्याच्या फवाऱ्याने गाळ सैल करा, आणि तळघरात हवा बाहेर फेकणारा पंखा आधी दुरुस्त करा.

कामाची वेळ मे महिन्याची धरा. शाळांना सुट्ट्या असतात, माणसं गावी गेलेली असतात, भार कमी असतो, आणि एक टाकी बंद ठेवून दुसरीवर चालवता येतं. दिवाळीच्या तोंडावर मुळीच नको. घरोघरी साफसफाईत ॲसिड आणि फिनाइल मोरीत जातं, मागोमाग फराळाचं तेल येतं, नवा प्लांट त्यात तग धरत नाही. सुरू करताना शेण, गूळ आणि जिवाणूंची पाकिटं टाकण्याची पद्धत आहे. त्याऐवजी जवळच्या चांगल्या चालणाऱ्या एसटीपीतून ताज्या गाळाचा एक टँकर आणा. कित्येक आठवड्यांचं काम काही दिवसांत होतं, आणि अमोनियावाले जिवाणू त्यात तयारच असतात.

करारात यंत्रांची यादी लिहून घेण्यापेक्षा निकाल लिहून घ्या: अमोनिया ५ च्या खाली, गढूळपणा २ च्या खाली, सलग तीन महिने, नमुना सोसायटीने निवडलेल्या प्रयोगशाळेने घ्यायचा. शेवटचे २० टक्के पैसे त्यानंतर. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र काढून त्यातली मर्यादा वाचा. २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २० आणि इतरत्र ३० होता, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये १० चा आग्रह धरला, आणि नव्या संमतिपत्रांत बहुधा १० च लिहिलेला असतो. प्रक्रिया बदलणार असाल तर संमतिपत्रात बदलाचा अर्ज आधी करा.

ऑपरेटरचंही बोललं पाहिजे. तुमच्या एजन्सीने वर्षभरात चार माणसं बदलली आहेत. जो माणूस तळघरात, वासात, एका बल्बखाली १२ तास बसतो, त्याला एक पंखा, एक खुर्ची, हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची आणि काविळीची लस आणि नावाने हाक मारणारी कमिटी, एवढं तरी मिळायला हवं. त्याला एक लिटरचं मोजपात्र द्या. रोज सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला ते लिहायचं. ३०० च्या आसपास असेल तर ठीक, ५०० च्या वर जाऊ लागला की त्या दिवशी गाळ जास्त काढायचा. हे एक पान तो नेमाने लिहू लागला की पाणी बिघडण्याच्या आठवडाभर आधी तुम्हाला कळेल.

पुढच्या सोमवारपासून तीन दिवस एवढं करा. इक्वलायझेशन टाकीत खुणा केलेली काठी टाका, पंप कधी सुरू-बंद होतो ते नोंदवा आणि दर तासाला पातळी लिहा, त्यावरून येणारं पाणी निघेल. येणाऱ्या पाण्याचा दर दोन तासांनी अर्धा लिटर नमुना बर्फात साठवून एकत्र करा आणि बीओडी, टीएसएस, तेल, अमोनिया, क्षारता तपासायला द्या. बाहेरच्या पाण्याचंही तेच, शिवाय गढूळपणा आणि क्लोरीन. ते आकडे आणि टाक्यांची आतली मापं इथे टाका. माझा ९५ घनमीटरचा अंदाज चुकला असेल तर सेटलरचा आणि अल्ट्राफिल्ट्रेशनचा आकार बदलावा लागेल, तो मी नव्याने मांडून देईन.